बी.ए. अर्थशास्त्र, मराठी माध्यम: एम.ए. कुठे करावं आणि नोकरीची तयारी कधीपासून?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात टी.वाय.बी.ए.ला आहे. विषय अर्थशास्त्र, माध्यम मराठी. बारावीही कला शाखेतून, त्यामुळे गणित दहावीनंतर सुटलं.

घरी सोयाबीन आणि तूर. आडतीवर माल नेला की सकाळी एक भाव आणि शेजारच्या गावकऱ्याला दुपारी दुसरा, हे लहानपणापासून बघत आले. पहिल्या वर्षाला मागणी-पुरवठा आणि लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) शिकताना या सगळ्याला काही रीत आहे असं पहिल्यांदा वाटलं, आणि तेव्हापासून विषय सोडवत नाही.

आता घरचे म्हणतात बी.एड. कर. मैत्रिणी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला निघाल्यात. मला एम.ए. करायचंय आणि पुढे अर्थशास्त्राचंच काम करायचंय. पण ते काम नेमकं काय असतं, कुठे मिळतं, गणित नसताना एम.ए.ला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळतो का, इंग्रजीचं काय करायचं, हे सांगणारं इथे कुणी नाही. मी वयाने लहान आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

आकडेमोड

मुंबईत एका वित्तसंस्थेच्या संशोधन विभागात आहे, म्हणून ‘काम नेमकं काय असतं’ एवढ्याचं उत्तर देतो.

टीव्हीवर बजेटच्या दिवशी बोलणारे दिसतात. त्यांच्यामागे आठ-दहा जण आकडे साफ करत बसलेले असतात आणि नवख्या माणसाची पहिली दोन-तीन वर्षं तिथेच जातात. रिझर्व्ह बँकेची आकडेवारी उतरवून घ्यायची, महागाईचे महिन्याचे आकडे आले की तासाभरात तक्ता आणि दोन परिच्छेद द्यायचे, कंपन्यांचे ताळेबंद एका साच्यात बसवायचे. रोजगारावर काम असेल तर पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. हे २०१७-१८ पासून सुरू आहे आणि त्याची घराघरांची मूळ माहिती, नावं-पत्ते वगळून, केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. नोंदणी केली की उतरवून घेता येते. लातूरला बसून तुझ्या हातात तीच फाइल येऊ शकते, जी माझ्या संगणकावर आहे. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, कारण माझ्या आधीच्या पिढीला त्यासाठी दिल्लीत ओळखी लागायच्या.

मुलाखतीआधी बहुतेक ठिकाणी एक चाचणी असते. एक फाइल देतात, दीड-दोन तास देतात आणि सांगतात की यातून काय दिसतं ते एका पानात लिहा. पदवीला भरपूर गुण असलेली मुलं इथे अडकतात. आलेख काढतात, पण त्याखाली एक सरळ वाक्य लिहिता येत नाही. सर्वेक्षणाच्या माहितीत प्रत्येक घराला भार दिलेला असतो, म्हणजे ते एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा. तो न लावताच टक्केवारी काढतात. या दोन गोष्टी जमल्या तर तू अर्ध्या रांगेच्या पुढे आहेस.

जागा कुठे? क्रिसिलसारख्या पतमानांकन संस्था, बँकांचे संशोधन विभाग, सीएमआयई ही आर्थिक आकडेवारी गोळा करणारी संस्था, पुण्यातल्या परदेशी बँकांच्या विश्लेषण कचेऱ्या, आणि धोरणावर काम करणाऱ्या संस्था. जे-पालसारख्या, गरिबीवरच्या योजनांचा परिणाम तपासणाऱ्या संस्थेत संशोधन सहायक घेतात. गावोगाव सर्वेक्षण चालवायचं काम असतं, आणि तिथे मराठी उत्तम येणं हा सरळ फायदा आहे.

व्यवहारी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझा चुलतभाऊ अर्थशास्त्रात एम.ए., प्राध्यापकीची सेट ही पात्रता परीक्षा झालेला. तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन महाविद्यालयांत मिळून. पगार वेळेवर नाही, सुट्टीत तर नाहीच. अनुदानित महाविद्यालयांत कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शेतकरी घरातल्या मुलीने हा धोका का घ्यावा? बी.एड. करून हातात काहीतरी येतं. नाहीतर राज्यसेवा. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, वैकल्पिक विषय अर्थशास्त्र घेता येतो आणि मराठीत लिहिता येतं.

कलिना_कट्टा

@व्यवहारी, तुमच्या भावाचं दुःख खरं आहे आणि प्राध्यापकी हेच एकमेव ध्येय ठेवून एम.ए. करू नये, याला माझाही पाठिंबा. पण राज्यसेवेला तरी कुठली खात्री आहे? पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत सात-सात वर्षं काढलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात वर्षं गेली, विषयही गेला.

मी मुंबई विद्यापीठातून एम.ए. केलं. अर्थशास्त्र विभाग १९२१ चा, आता मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी म्हणून स्वायत्त आहे. तिथे असताना मी दोन परीक्षांचा अभ्यास केला, आणि त्या दोन्हींत एम.ए.चा अभ्यासक्रमच उपयोगी पडतो. वेगळं काही पाठ करायचं नसतं, हा राज्यसेवेपेक्षा मोठा फरक आहे.

पहिली, भारतीय आर्थिक सेवा. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, वय २१ ते ३०, अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी हवी. इंग्रजी आणि सामान्य अध्ययन १००-१०० गुणांचे, सामान्य अर्थशास्त्राचे तीन पेपर २००-२०० चे, भारतीय अर्थव्यवस्था २०० चा, वर मुलाखत २०० ची. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात, हे मराठी माध्यमाच्या मुलांना फार उशिरा कळतं म्हणून ठळक सांगते. आणि जागा अगदी कमी, बहुतेक वर्षी पंधरा ते तीसच्या आसपास. निवड झाली तर अर्थ मंत्रालय, कृषी, कामगार अशा मंत्रालयांत काम, अगदी देशाच्या आर्थिक पाहणीवरसुद्धा.

दुसरी, रिझर्व्ह बँकेचा ग्रेड ‘बी’ अधिकारी, पण सर्वसाधारण नव्हे, आर्थिक व धोरण संशोधन विभागाचा. याला एम.ए.ला ५५ टक्के लागतात. जाहिरातीत सर्वसाधारण जागांच्या खाली ही ओळ असते आणि पुष्कळ जण ती वाचतच नाहीत.

तिसरी वाट कुणी सांगत नाही. राज्य सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय. जिल्ह्याजिल्ह्यात कार्यालयं आहेत, संशोधन सहायक, सांख्यिकी सहायक, पुढे अधिकारी अशा जागा निघतात. ज्या मुलीला लातूरच्या बाजाराचं कुतूहल आहे तिने जिल्हा सांख्यिकी कार्यालयात एकदा जाऊन ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मागून बघावं.

निवृत्त_मास्तर

मुली, गणिताबद्दल मी लिहितो. पस्तीसहून अधिक वर्षं बी.ए.ला हा विषय शिकवला, बहुतेक ग्रामीण भागात.

आपल्या विद्यापीठांच्या बी.ए.च्या पेपरात प्रश्न येतो: समवृत्ती वक्राची वैशिष्ट्ये सांगा. मुलं चार वैशिष्ट्यं लिहितात, आकृती काढतात, गुण मिळतात. चांगल्या ठिकाणच्या एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेत त्याच धड्यावर वेगळा प्रश्न येतो: उत्पन्न १०० रुपये, क्ष ची किंमत २, य ची ५, उपयोगिता म्हणजे क्ष गुणिले य. ग्राहक काय घेईल? वही घेऊन बस. उत्तर येतं २५ क्ष आणि १० य, म्हणजे प्रत्येकावर निम्मा खर्च. आता क्ष ची किंमत ४ कर. क्ष साडेबारावर येतो, य दहाच राहतो, क्ष वरचा खर्च तेव्हाही ५० आणि आताही ५०. बारावीला ‘एकूण खर्च पद्धती’त एकक लवचिकता पाठ केलीस ना, ती ही. व्याख्या तुला येते. तिच्यातून आकडा काढायची सवय लावायची आहे, एवढंच अंतर आहे, आणि हे अंतर एका वर्षात कापलेली कला शाखेची मुलं मी बघितली आहेत.

अकरावी-बारावी विज्ञानाची राज्य मंडळाची गणिताची पुस्तकं आण. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातलं सगळं नको. फलन, सीमा, विकलज (डेरिव्हेटिव्ह), महत्तम-लघुतम, सारणी (मॅट्रिक्स) आणि संभाव्यता पुरे. त्रिकोणमितीवर वेळ घालवू नकोस. दिवाळीपर्यंत विकलज हातात बसला पाहिजे. त्यानंतर निर्बंधासहित महत्तमीकरण, लाग्रांजची पद्धत. मग हॅल व्हेरियन यांचं सूक्ष्म अर्थशास्त्राचं पुस्तक घे आणि प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणं सोडव. नुसतं वाचून उपयोग नाही. संख्याशास्त्रात सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि साधं प्रतीपगमन (रिग्रेशन). तुझ्या महाविद्यालयात गणिताचे शिक्षक असतीलच, त्यांना जाऊन विचार. शिकायला आलेल्या मुलीला परत पाठवणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

कुठे? दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू यांचे प्रवेश आता सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतात. त्याचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, परीक्षा साधारण मार्चमध्ये, म्हणजे तुझं तिसरं वर्ष संपायच्या आधी. भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा मे महिन्यात, एक पेपर गणिताचा आणि एक अर्थशास्त्राचा. ती सगळ्यांत अवघड, पण तिथे विद्यावेतन मिळतं. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ साली उभारलेली. आणि पुण्याची गोखले संस्था, १९३० ची. धनंजयराव गाडगीळ तिथले पहिले संचालक. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते तेच गाडगीळ, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याच संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, किती माणसांना पुरेसं खायलाही मिळत नाही याचा. आपल्याकडचं उत्तम अर्थशास्त्र शेताच्या बांधावरून आणि कारखान्याच्या काट्यावरून आलेलं आहे. आडतीवर पडलेला प्रश्न लहान आहे असं कधी समजू नकोस.

लेकीची_आई

माझी मुलगी एस.वाय.ला आहे म्हणून धागा वाचतेय. मास्तर, फार छान लिहिलंत. एक विचारते, मुंबई-दिल्लीला मुलीला पाठवायचं तर राहण्याचं काय? फी झेपेलही, खोली नाही झेपत.

कलिना_कट्टा

ताई, सरकारी विद्यापीठांची वसतिगृहं खोलीपेक्षा खूप स्वस्त पडतात, पण जागा मर्यादित. प्रवेश घेतला त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज द्यायचा, नंतर नाही. समाजकल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं शहरांत आहेत, आणि तिथे जागा नाही मिळाली तर पात्र विद्यार्थ्यांना खात्यात रक्कम देणाऱ्या स्वाधार, स्वयंसारख्या योजना आहेत. जात आणि उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रात रांग लागते.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. परदेशी एम.एस्सी.चा विचार कुणी करत असेल तर एक गोष्ट जाण्याआधीच माहीत असावी. इथला मास्टर्स एक वर्षाचा, सप्टेंबरअखेर सुरू होतो. आणि मोठ्या बँका, सल्लागार कंपन्या पुढच्या वर्षीच्या पदवीधरांसाठी अर्ज मागवतात तेही त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे विमानातून उतरून बँक खातं उघडायच्या आत अर्ज भरायची वेळ येते. आपली मुलं आधी अभ्यासात स्थिरावू म्हणतात, जानेवारीत अर्ज करायला जातात, तोवर बरीच दारं बंद झालेली असतात. रेझ्युमे, दोन शिफारशी, आणि स्वतः केलेलं एखादं काम घेऊनच निघा. शिक्षणानंतर राहायला मिळणारा ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षच मिळेल. कर्जाचा हिशेब त्यावर बसवा.

कर्जच काढावं लागतं असं नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर घटकांसाठीही योजना आहेत. डॉ. आंबेडकर १९१६ साली इथल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, पुढच्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परतावं लागलं. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, पैसे जमवले, १९२० मध्ये परत आले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली. त्या इमारतीवरून जाताना मला प्रत्येक वेळी याची आठवण येते.

मांजराकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मास्तर, उदाहरण सोडवलं, २५ आणि १० आलं. किंमत ४ केल्यावरचंही आलं. बालभारतीची पुस्तकं उतरवली.

व्यवहारी काका, तुमची काळजी कळते. घरी हेच बोलणं झालं. असं ठरलंय की या वर्षी प्रवेशपरीक्षा द्यायच्या. चांगल्या ठिकाणी लागलं तर एम.ए., नाही लागलं तर बी.एड.चा विचार करू.

दोन प्रश्न राहिले. इंग्रजी कसं सुधारू? आणि टेम्सकाठ दादा म्हणतात तसं ‘स्वतःचं काम’ मी काय करू? तिसऱ्या वर्षाला प्रकल्प आहे. सर म्हणाले बचत गटांवर प्रश्नावली भर. मला सोयाबीनच्या भावावर करायचंय.

पेठेतला_वाचक

इंग्रजीसाठी एक उपाय. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाआधी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघते, दोन्ही संकेतस्थळावर आहेत. कृषीचं प्रकरण दोन्हींतलं शेजारी-शेजारी ठेवून वाच. विषय ओळखीचा, आकडे तेच, त्यामुळे कोशात शोधत बसावं लागत नाही. रोज एक परिच्छेद मराठीवरून स्वतः इंग्रजीत लिही आणि मग छापील इंग्रजीशी ताडून बघ. माझ्या भाचीने असंच केलं, आता ती इंग्रजीत अहवाल लिहिते.

आकडेमोड

सोयाबीनच कर. सरांना भेट आणि विनंती कर, आकडे हातात घेऊन गेलीस तर नाही म्हणणार नाहीत. मी प्रश्न कसा बांधला असता ते सांगतो.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. हेतू हा की बाहेरचं तेल महाग झालं तर इथल्या सोयाबीनला भाव मिळेल. ३० मे २०२५ ला ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. प्रश्न असा घे: शुल्कवाढीनंतर लातूर बाजार समितीतला भाव वाढला का, आणि वाढला असेल तर किती?

आता यातली मेख. सप्टेंबरच्या आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी काढून वजाबाकी केलीस तर उत्तर चुकेल. कारण ऑक्टोबरात नवीन माल येतो, आवक वाढते, ओलावा जास्त असतो, भाव दर वर्षीच पडतो. शुल्काचा परिणाम आणि सुगीचा परिणाम एकमेकांत मिसळलेले आहेत. म्हणून तेच आठवडे मागच्या तीन-चार वर्षांचे घे. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर वर्षी किती पडतो ते आधी काढ, मग २०२४ ला त्यापेक्षा कमी पडला का ते बघ. जोडीला एखादं पीक घे ज्याला या शुल्काशी देणंघेणं नाही. तूर घेऊ नकोस, तिची सुगी वेगळी. त्याच दिवसांत येणारा मूग किंवा उडीद बरा. सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, डिसेंबर २०२१ मध्ये सेबी या बाजार नियामकाने थांबवले, त्यामुळे त्याआधीची वर्षं या तुलनेत घेताना विचार कर.

आकडे राज्याच्या पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर रोजचे मिळतात: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. सर्वसाधारण दर वापर. साधन म्हणून आधी एक्सेल, मग ‘आर’ हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर शिक, ते फुकट आहे. त्याच कामाचं स्टाटा विकत घ्यायची गरज नाही. आणि आडत्यांशी बोल, तुझ्या घरची ओळख आहे. शुल्कवाढीची बातमी आली त्या आठवड्यात प्रक्रिया कारखान्यांनी खरेदी वाढवली का, हे ते सांगतील, आणि ते कुठल्याच फाइलमध्ये नाही.

आठ पानांत बसव. हे काम मुलाखतीत ठेवलंस तर समोरचा तुझ्या माध्यमाबद्दल विचारणार नाही, मुगाबद्दल विचारेल.

व्यवहारी

हे वाचून माझं मत थोडं बदललं. प्रकल्प झाला की इथे टाक, आमच्या बार्शीच्या बाजाराशी ताडून बघतो.

मांजराकाठ

नक्की टाकते काका. सर हो म्हणाले! २०२२ ते २०२४ चे सप्टेंबर ते डिसेंबर उतरवले. एक अडलंय. दिवाळीच्या आठवड्यात आणि अमावास्येला बाजार बंद, त्या दिवसांच्या ओळीच नाहीत. काही ठिकाणी आवक आहे पण दराचा रकाना कोरा आहे. तिथे शून्य भरू का?

आकडेमोड

शून्य मुळीच भरू नकोस. शून्य म्हणजे माल फुकट गेला असा अर्थ होईल आणि तुझी सरासरी कोसळेल. कोरा रकाना कोराच ठेव. शेजारी आणखी एक रकाना कर, बाजार बंद असेल तिथे १, चालू असेल तिथे ०. मग रोजच्याऐवजी आठवड्याची सरासरी घे, आणि ती आवकेच्या भाराने काढ, म्हणजे शंभर क्विंटलच्या दिवसाला आणि वीस हजार क्विंटलच्या दिवसाला सारखं वजन मिळणार नाही. आवक आहे आणि दर नाही अशा ओळी वेगळ्या काढून त्यांची यादी बाजार समितीत घेऊन जा. त्यांच्या वहीत तो दर असण्याची शक्यता आहे. मिळाला तर कुठून मिळाला ते प्रकल्पात लिही.